बोल्ट उघडण्याआधी
भाऊ, झाडलेली पुंगळी (काडतुसाचे रिकामे पितळी कवच) पुन्हा भरण्यासाठी आपल्या रायफलीला जुळवायची तर, रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून मगच बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढावा. चेंबरचे, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेचे, माप घेताना बोल्टमधील फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) स्प्रिंगसह आणि जमल्यास इजेक्टरही (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवावा, कारण स्प्रिंगचा दाब राहिला तर बोल्टचे हँडल जड का पडते, पुंगळीच्या खांद्यामुळे (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) की स्प्रिंगमुळे, हे हाताला उमगत नाही. मग त्याच रायफलीतून झाडलेली, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढलेली पुंगळी घालून, बोल्ट परत बसवून बघत, हँडल स्वतःच्या वजनाने पडेपर्यंत साइझिंग डाय (पुंगळी दाबून आकारात आणणारा साचा) अगदी थोडी थोडी खाली घ्यावी. खांदा ०.०५ मिलिमीटरहून जास्त मागे ढकलू नये. त्याने पितळ लवकर फाटते. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत तेलकट बोल्टला तंतू चिकटतात, म्हणून लग (बोल्टला जागी अडकवणारे दात) आणि चेंबर आधी पुसावे, नाहीतर माप तंतूचेच निघेल. काडतुसे भरण्यास आपल्या परवान्यात मुभा आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारावे.