जुळी आहेत म्हणून आधीपासूनच प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) घेतलं तर लवकर डिलिव्हरी टळते का?

नाही, फक्त जुळी आहेत एवढ्यावरून सरसकट घेतलं तर टळत नाही. यावर मोठ्या ट्रायल्स झाल्यात, युरोपातल्या इव्हेंट्स ट्रायलमध्ये (२०२१) जवळपास १२०० जुळ्यांच्या गरोदर बायका होत्या, निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज ६०० मिग्रॅ प्रोजेस्टेरॉन योनीमार्गातून आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या कॅप्सूल, आणि ३४ आठवड्यांच्या आत आपोआप झालेली डिलिव्हरी औषधवाल्यांत १०.४ टक्के तर दुसऱ्या गटात ८.२ टक्के, म्हणजे फायदा शून्यच (हा फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यामुळे लगेच 'औषधाने नुकसान होतं' असंही धरू नका). त्याआधी २००९ ला ब्रिटनच्या स्टॉपिट ट्रायलमध्येही हेच दिसलं होतं. आठवड्याला घ्यायचं प्रोजेस्टेरॉनसारखं इंजेक्शनही जुळ्यांत चाललं नाही.

पण एक आहे, १८ ते २४ आठवड्यांत टीव्हीएस (योनीमार्गातून केलेल्या) सोनोग्राफीत गर्भपिशवीचं तोंड (सर्व्हिक्स) २५ मिमी किंवा त्याहून आखूड निघालं तर गणित बदलतं. अशा बायकांचा डेटा एकत्र केला तेव्हा योनीमार्गातल्या प्रोजेस्टेरॉनने ३३ आठवड्यांआधीची डिलिव्हरी साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसली. म्हणून मैत्रिणीची गोळी बघून सुरू करण्यापेक्षा डॉक्टरांना 'सर्व्हिक्स लेंथ किती?' हे विचारा, आणि आधीच चालू केलं असेल तर मनाने बंद करू नका, त्यांनी कशासाठी दिलंय ते आधी विचारा. पूर्ण बेडरेस्टचाही फायदा सिद्ध झालेला नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते.