अँटी-सीसीपी 200 च्या वर आला म्हणजे आईची बोटं वाकडी होणारच का?

तुमच्या आईचा अँटी-सीसीपी (रुमेटॉइड आर्थरायटिस या सांध्यांच्या आजारात रक्तात सापडणारी अँटीबॉडी) 200 च्या वर, त्याच आजारासाठी बघतात तो आरए फॅक्टरही पॉझिटिव्ह, दुखणं सुरू होऊन चार महिने. सांधे किती खराब होतील ते यावरून कळतं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. असे रिपोर्ट रोज हातातून जातात.

धोका कळतो, भविष्य नाही. अँटी-सीसीपी असलेल्यांची हाडं सांध्यापाशी लवकर कुरतडली जातात, जोडीला आरए फॅक्टर असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच अशा पेशंटची औषधं डॉक्टर लांबवत नाहीत, आणि वेळेवर सुरू झाली तर पुष्कळ बोटं सरळच राहतात. पण आकड्याचं त्रैराशिक मांडू नका. हा आजार ठरवायच्या 2010 च्या निकषांत नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढचं सगळं एकाच गटात जातं. मर्यादा 20 असेल तर 60 च्या वरचे सगळे सारखेच. ‘200 च्या वर’ छापून येतं ते बहुतेकदा मशीन तिथपर्यंतच मोजतं म्हणून. नुसता आरए फॅक्टर असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. तो टीबीत, हेपटायटिस सीमध्ये, उतारवयातही येतो.

गोंदिया-बालाघाटहून लोक पुन्हा पुन्हा अँटी-सीसीपी करायला येतात. पैसे वाया! सांधे सुधारले तरी तो तसाच राहू शकतो. परत परत करायच्या त्या सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे अंगातली सूज किती आहे ते सांगणाऱ्या टेस्ट. त्यातही मी सीआरपी आधी बघतो, कारण रक्त कमी असलं की ईएसआर उगाच चढतो, आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन तुम्हाला माहीतच आहे. सीआरपी महिनोन्महिने उतरलाच नाही, तर मात्र काळजी करा. नेटवर एमएमपी-3, 14-3-3 ईटा अशा टेस्टचीही नावं सापडतील. त्यांच्यावाचून उपचार अडत नाहीत.

सुई टोचण्याआधी आम्ही “मूठ आवळा” म्हणतो. सकाळी आठला काहींची मूठ मिटतच नाही. “दादा, पोलक्याचे हुकही लागून नाही राहिले,” असं एक काकू म्हणाल्या. आईचे हात सकाळी किती वेळ ताठ राहतात ते लिहून ठेवा, डॉक्टर विचारतीलच.

हातांचा आणि पावलांचा एक्स-रे आत्ताच काढून घ्या, पुढे तुलनेला लागतो. पाय दुखत नसले तरी काढा. पायाच्या करंगळीच्या मुळाशी झीज बऱ्याचदा आधी दिसते. आणि मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं औषध लिहून दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.