लग्नसराईत फोटोग्राफी करतो, चातुर्मासात उत्पन्न जवळजवळ शून्य. क्रेडिट कार्डाचे ८०,००० थकलेत. बजेट कसं बसवू?

आधी कार्डाचं बघा. महिना ३.५ टक्के धरलं तरी ८०,००० वर निव्वळ व्याजच २,८०० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. 'मिनिमम ड्यू' (बिलावरची किमान रक्कम) भरून लेट फी टळते, मुद्दल जेमतेम हलतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून कार्ड वापरणं आजच थांबवा. घरात सोनं असेल तर त्यावर बँकेचं तारण कर्ज काढून कार्ड एकरकमी मिटवा. व्याज बरंच कमी पडतं. मात्र मुदतीत सोडवता येईल एवढंच ठेवा, नाहीतर दागिने लिलावात जातात.

बजेट महिन्याचं नको, वर्षाचं करा. गेल्या वर्षीच्या कमाईतून प्रवास, अल्बमची छपाई, मदतनिसांचे पैसे वजा करा आणि उरेल त्याला बाराने भागा. सगळी कमाई एका खात्यात घ्या, दर एक तारखेला तेवढाच 'पगार' घरखर्चाच्या खात्यात टाका. तुळशीच्या लग्नानंतर हात सैल सुटतो, तेव्हाही तेवढाच. आलेला ॲडव्हान्स काम होईपर्यंत कमाईत धरू नका. लग्न मोडलं तर परत मागतात. आणि नव्या लेन्सचा हप्ता आषाढात कुठून भरणार, हे ठरल्याशिवाय ती घेऊ नका.