पावसाळ्यात लाकूड फुगतंच, मग चूक कुणाची?

प्रश्न : एप्रिलमध्ये हॉल आणि बेडरूमला ओकचं एंजिनिअर्ड वुडन फ्लोअरिंग करून घेतलं; जुन्या टाइल्सवरच, खाली फोम टाकून. जुलैत हॉलच्या मधोमध फळ्यांचा सांधा वर उचलला गेला. पाय पडला की दबतो, कटकट वाजतो. कंत्राटदार म्हणतो, "पावसाळ्यात लाकूड फुगतंच. घासून पॉलिश मारून देतो, आधी उरलेले 40 हजार द्या." द्यावेत का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पैसे तूर्त थांबवा, आणि घासायचं मशीन घरात येऊच देऊ नका. एंजिनिअर्ड फळीवर खऱ्या ओकचा थर जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर असतो. आज उंचवटा घासला, तर हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर तिथेच खळगा पडेल आणि पुरावाही जाईल.

लाकूड फुगतं, हे खरंच आहे. मुख्यतः रुंदीत; लांबीत फार थोडं. म्हणूनच तर भिंतीपाशी 10 ते 12 मिलिमीटरची फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. ठाण्यासारख्या दमट गावात काम करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

फळ्यांच्या लांब कडेला लागून असलेल्या भिंतीची एक स्कर्टिंग पट्टी अलगद काढा. फळी आणि भिंत यांच्यामध्ये स्टीलची मोजपट्टी घाला. फळी भिंतीला टेकलेली असेल तर चूक तिथेच सापडली. हॉल-बेडरूमच्या दारात जोडपट्टी न देता फळ्या सलग नेल्यात का, डोअर स्टॉपरचा स्क्रू फळीतून थेट टाइलमध्ये गेलाय का, जड वॉर्डरोब फ्लोअरिंगवर बसवून भिंतीला जखडलाय का, हेही बघा. तुमची फरशी तरंगती आहे, म्हणजे टाइल्सना न चिकटवता नुसती फोमवर ठेवलेली; असा एक स्क्रूही ती अडकवून ठेवतो. वॉर्डरोब नंतर तुम्ही स्वतः बसवून घेतला असेल, तर तो दोष मात्र कंत्राटदाराच्या माथी मारता येणार नाही.

दबण्याचं कारण वेगळंही असू शकतं. गवंड्याची 2 मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवा. सांध्यापासून दूरही खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली, तर टाइल्स लेव्हल न करताच काम उरकलं असण्याची दाट शक्यता आहे.

बऱ्याच फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खोलगट असेल, तर पाणी खालून येतंय. बाथरूमची भिंत, एसीचा ड्रेन पाइप तपासा. फक्त बाल्कनीच्या दाराजवळच असं असेल, तर बहुधा पाऊस आत येतोय आणि त्याला कंत्राटदार जबाबदार नाही.

दोष त्याचा निघाला, तर मोजमापं आणि तारखेसह फोटो जोडून पत्र लिहा : 15 दिवसांत फट सोडून, खराब फळ्या बदलून द्या, मग 40 हजार मिळतील. व्हॉट्सअॅपवर पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टनेही. नुसते पैसे अडवून गप्प बसलात, तर थकबाकीदार तुम्हीच ठराल.

दाद नाही दिली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो. त्यापुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. दोष उद्भवल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कोटेशन, पावत्या आणि खोक्यावरचं बॅचचं लेबल जपा. त्रयस्थ जाणकाराचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय एकही फळी उखडू देऊ नका.