रेडिएशन घेऊन घरी आलेल्या रुग्णाजवळ लहान मुलांना जाऊ द्यावं का?

हो, बाहेरून मशीनने रेडिएशन दिलं असेल तर मुलांना खुशाल मांडीवर घेऊ द्या. लिनॅक या विजेवर चालणाऱ्या मशीनमधले क्ष-किरण मशीन बंद होताच थांबतात आणि कोबाल्ट मशीन असेल तर कोबाल्ट-60 चा किरणोत्सर्गी स्रोत मशीनमध्येच राहतो; अंगात काहीच उरत नाही. रुग्णाचं ताट, अंथरूण वेगळं करू नका, त्याने तो उगाच खचतो. तात्पुरती ब्रेकीथेरपी (किरणोत्सर्गी स्रोत काही वेळ शरीराच्या आत ठेवून दिलेलं रेडिएशन) असेल तरी स्रोत काढल्यावर धोका नाही.

अपवाद थायरॉइडसाठी दिलेल्या किरणोत्सर्गी आयोडीन-131 चा. ते औषध शरीरातच असतं, दर 8 दिवसांनी निम्मं होतं आणि मुख्यतः लघवीतून, थोडं लाळ-घामातूनही बाहेर पडतं. तेव्हा:
- लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहायचं, झोपायचं वेगळं. अंतर दुप्पट केलं की दुसऱ्याला लागणारी रेडिएशनची मात्रा साधारण चौथ्या हिश्श्यावर येते.
- पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, झाकण लावून दोनदा फ्लश.
- टॉवेल, उष्टा पेला कोणी वापरायचा नाही.

किती दिवस, ते डोसवर ठरतं. डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. प्रोस्टेटमध्ये कायमचे आयोडीन-125 चे किरणोत्सर्गी दाणे बसवले असतील तर मुलांना मांडीवर घेणं काही आठवडे टाळावं लागतं.