इन्का ट्रेलला ग्रुपने जाताय? मग कुस्कोत उतरून दुसऱ्या दिवशी चालायला लागू नका

तुम्ही नऊ जण पुढच्या जूनमध्ये पेरूला जाताय, चार दिवस इन्का ट्रेल, म्हणजे इन्का लोकांची जुनी दगडी वाट, चालत माचूपिच्चूला पोचायचं, सगळ्यांचं सह्याद्रीतलं अवघड अलंग-मदन-कुलंग झालेलं, सुट्टी कमी, म्हणून कुस्कोत उतरून दुसऱ्याच दिवशी ट्रेक सुरू केला तर जमेल का असं विचारलंय. नाही जमणार. बाकीचं नंतर सांगतो, आधी हे ऐका.

कळसूबाई 1646 मीटर, आणि कुस्को शहरच 3400 मीटरवर आहे. राजधानी लिमा समुद्राकाठी, तिथून विमानाने दीड तासाच्या आत तुम्ही कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच जागी येऊन उभे राहता, शरीराला काही कळायच्या आत. सह्याद्रीतला स्टॅमिना पायांना कामाला येतो, तो विरळ हवेपासून वाचवत नाही, उलट दमदार माणूस जास्त फसतो कारण तो पहिल्या दिवशी थांबतच नाही. आम्ही 2018 च्या सप्टेंबरमध्ये आठ जण गेलो होतो. आमच्यातला सगळ्यात तगडा मित्र, पाठीवर सॅक घेऊन घाट पळत चढणारा, कुस्कोत पहिल्याच संध्याकाळी शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या साक्सायवामान या इन्का किल्ल्याचे प्रचंड दगड बघायला चढून गेला, रात्री डोकं दुखायला लागलं तर गोळी घेऊन झोपला आणि कोणाला बोललाच नाही. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या, पाय अडखळायला लागले. गाइडने एक मिनिट विचार न करता त्याला असिस्टंटबरोबर खाली पाठवलं. बरोबर केलं त्याने, पण त्या वेळी आम्ही गाइडशी हुज्जत घातली होती याचं मला अजून वाईट वाटतं. खाली गेल्यावर मित्र काही तासांत सावरला आणि नंतर ट्रेनने माचूपिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात आला, पण ज्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले ती वाट त्याची राहिली ती राहिलीच.

म्हणून विमानतळावरून थेट खाली ओयांतायताम्बोला जा, ते साधारण 2800 मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा, मग कुस्कोत एक-दोन रात्री, मग ट्रेक. ओयांतायताम्बोचा किल्ला आणि गावातून अजून वाहणारे इन्काकालीन पाट बघण्यासारखे आहेत, दिवस वाया जात नाही. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल, निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, कोणाला सल्फाची ऍलर्जी असेल तर ते आधी सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, तिथे प्या, पण पानं पिशवीत घालून भारतात आणू नका, इथे कायद्याने गुन्हा आहे.

आता परमिट. रोज एकूण 500 माणसांनाच सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले, म्हणजे आपल्यासारखे साधारण 200. जूनसाठी कित्येक महिने आधी संपतं, त्यामुळे आत्ताच हालचाल करा. फेब्रुवारीत ट्रेल बंद असतो. परमिट नाव आणि पासपोर्ट नंबरवर निघतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि सुरुवातीला किलोमीटर 82 च्या चौकीवर ओरिजिनल पासपोर्ट बघतात. बुकिंगनंतर कोणी पासपोर्ट रिन्यू केला तर जुना नवा दोन्ही जवळ ठेवा आणि कंपनीला लगेच कळवा.

अंतर म्हणाल तर 43 किमीच्या आसपास, चार दिवसांना हे काहीच नाही असं वाटेल. खरा दिवस दुसरा. वायाबाम्बा गाव 3000 मीटरवर, तिथून चढत चढत वार्मीवान्युस्का खिंड, 4215 मीटर, म्हणजे एका दमात 1200 मीटर चढ, आणि मग दगडी पायऱ्यांनी पाकायमायोच्या कॅम्पपर्यंत 600 मीटर उतार. तुम्ही ग्रुपच्या पुढे लीड आणि मागे टेल ठेवताच, पण इथे सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला आणि त्याच्या चालीने सगळे चला, बोलताना धाप लागली की वेग जास्त आहे असं समजा. डोकं दुखतंय हे लपवायचं नाही असं नऊ जणांनी निघायच्या आधी एकमेकांना शब्द द्या. जूनमध्ये रात्री पाकायमायोला तापमान शून्याच्या आसपास जातं, स्लीपिंग बॅगमध्ये कंजूषी नको.

पोर्टरचं ओझं हा माझ्यासाठी फार महत्त्वाचा मुद्दा आहे. 2001 च्या कायद्याने 20 किलोची मर्यादा आली, वाटेत वजनकाटा असतो, तरी कंपनी निवडताना विचारा की पोर्टरना झोपायला तंबू आणि चटई देता का, पगार किती देता. सगळ्यात स्वस्त कंपनीची बचत बहुतेक वेळा याच माणसांच्या पाठीवरून आलेली असते. टिप ग्रुपमध्ये आधीच गोळा करून ठेवा, शेवटच्या रात्री सुट्ट्या पैशांवरून घोळ होतो.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. ही वाटच अवशेष आहे. नाणेघाटातून चढताना जसं कळतं की आपण कोणाच्या तरी व्यापाराच्या रस्त्यावर चाललोय, जकातीचा रांजण बघून आपण थांबतो, तसं इथे चार दिवस होतं. तिसऱ्या दिवशी सायाकमार्काचे अवशेष, खडकात कोरलेला बोगदा, मग फुयुपातामार्काचे, जिथल्या दगडी स्नानकुंडांतून पाणी आजही वाहतं. भिंतींना चुना नाही, दगडाला दगड जुळवून बसवलेला, भिंती किंचित आत झुकलेल्या आणि दरवाजे खाली रुंद वर अरुंद, भूकंपाच्या प्रदेशात हे उभं आहे. पण त्याच दिवशी 15-16 किमी चालायचं असतं आणि शेवटी जवळपास 1000 मीटर उतार, गुडघे बोलायला लागतात, माणूस फक्त खाली बघून चालतो. पोल घ्या, रबरी टोपी असलेलेच, लोखंडी टोकाने दगड झिजतात म्हणून परवानगी नाही.

गाइडला आधीच सांगून ठेवा की तिसऱ्या दिवशी लवकर निघायचंय, उजेडात विन्याय वायनाच्या अवशेषांना पोचायचंय. ते शेवटच्या कॅम्पपासून दहाएक मिनिटांवर आहेत, डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मध्ये एकाखाली एक उतरत गेलेली दगडी कुंडं, आणि त्या वेळी गर्दी अगदी थोडी असते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे इंतीपुंकूच्या, म्हणजे माचूपिच्चूच्या सूर्यद्वाराच्या, घाईत असतात, तेव्हा तिथे परत जाता येत नाही. आमच्यातले तिघं जण थकून तंबूतच पडून राहिले, उरलेले चौघं आम्ही तिथे अंधार पडेपर्यंत बसलो होतो, आणि नंतर माचूपिच्चूच्या फोटोंपेक्षा ते तिघं याच जागेचे फोटो आमच्याकडून मागून घेतात.