पहिला मृत्यू पाहिलास त्यानंतर

अगं, सात नंबरच्या बेडवरचे आजोबा गेले आणि तू सकाळी डबा न उघडताच लोकल पकडलीस. परळला 22 वर्षं नर्सिंग करतेय मी, माझ्यासमोर गेलेल्या पहिल्या पेशंटचा चेहरा अजून आठवतो.

शेवटची घरघर ऐकून ते तडफडताहेत असं तुला वाटलं ना? घशात साचलेल्या स्रावातून हवा जाते, म्हणून तो आवाज येतो. माणूस तेव्हा बहुतेकदा शुद्धीवर नसतो. आणि तू त्यांचा हात धरून बसली होतीस, ते फार मोलाचं होतं गं.

काही दिवस झोप उडेल, छातीत धडधडेल. हा दुबळेपणा नाही. रडू आलं तर रड, पण एकटी पडू नकोस. ड्यूटी संपली की माझ्याबरोबर कॅन्टीनला चल. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसता चहा घेऊ. मी तेव्हा कुणालाच काही सांगितलं नाही, सहा महिने अंगावर काढलं. चुकलंच माझं.

महिना उलटूनही तेच डोळ्यांसमोर येत राहिलं, वॉर्डात पाय टाकवेना, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, 24 तास, मराठीतही बोलतात.

उद्या तुझी नाइट आहे ना? मीही मागून घेतलीय.